मशीनवरचा क्रोशाचा रुमाल : मंडळाच्या सभासदांना खुलं पत्र

मैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

पहिली बातमी अशी की आपल्या महिला मंडळाच्या पत्रिकेचा या तिमाहीचा अंक निघणार नाही. छापखान्याची चूक नाही, खजिनदारबाईंनी पैसे अडवलेले नाहीत आणि माझी, म्हणजे संपादिकेची, तब्येतही ठणठणीत आहे. अंक मीच थांबवलाय. सोळा पानांचा मजकूर तयार होता, मुखपृष्ठावर हळदीकुंकवाचा फोटो बसवून झाला होता. एक फोटो तेवढा कमी पडत होता. तो काढायला म्हणून गेले आणि तिथेच सगळं अडलं.

हे कार्यकारिणीच्या बैठकीतही बोलता आलं असतं. पण असली गोष्ट ‘आयत्या वेळचे विषय’ मध्ये ढकलली जाते आणि तोवर चहा-भडंग आलेलं असतं. शिवाय मी जे छापलं ते तुम्हा सगळ्यांना, देणगीदारांना, शाळांना, पार बंगळुरू आणि न्यू जर्सीला गेलेल्या आपल्या जुन्या सभासदांनाही पाठवलं. मग दुरुस्ती बंद दाराआड कशाला?

वाळवा तालुक्यातली ती जिल्हा परिषद शाळा तुम्हाला आठवत असेल. चार वर्षांपूर्वी आपण तिथे सॅनिटरी पॅडचं वेंडिंग मशीन बसवलं, सोबत वापरलेले पॅड जाळायचं यंत्र दिलं. फीत कापली, नारळ फोडला. ‘चार वर्षांनंतर’ असा एक छान फोटो टाकावा म्हणून मी न कळवता गेले. न कळवता गेले हे बरं झालं की वाईट, अजून ठरत नाही.

मशीन व्हरांड्यातच होतं. त्यावर पांढऱ्या दोऱ्याचा क्रोशाचा रुमाल, मधोमध मोर. रुमालावर पृथ्वीचा गोल आणि खडूचा डबा. मोर कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला. मुख्याध्यापिकाबाई जरा ओशाळून म्हणाल्या, “तुमच्याच मंडळाच्या वर्गात शिकले होते मी.” म्हणजे आपल्या एका उपक्रमाने दुसऱ्या उपक्रमावर पांघरूण घातलं होतं! हसावं की रडावं कळेना.

बाई काही सांगेनात. सांगितलं ते पोषण आहाराची खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी, हातातला झारा न ठेवता. “दोन हप्तं चाललं. मग नाणं आडाकलं. पाचाचं नाणं एक जाड येतंय, एक पातळ येतंय, त्याला काय कळंना. पोरी बुक्क्या मारायच्या त्येला. आन् बाई, पोरी हितं येतीलच कशाला? समोर हापिस, बाजूला पाण्याच्या नळाला पोरांची रांग.”

मी व्हरांड्याकडे पुन्हा पाहिलं. मशीन अगदी मोक्याच्या जागी होतं. फोटोसाठी मोक्याच्या. मागे शाळेचं नाव, वर तिरंगी पताका, उजेड समोरून. जागा आपणच निवडली होती. ‘इथे छान येईल’ असं कोण म्हणालं होतं तेही आठवतंय. मीच.

जाळायचं यंत्र मुलींच्या स्वच्छतागृहात लावलं होतं. ते सुरू केलं की शाळेचा फ्यूज जायचा. एकदा धूर झाला तेव्हा मुली घाबरून बाहेर पळाल्या आणि आत काय जळतंय ते सगळ्या शाळेला कळलं. त्यानंतर त्याला कुणी हात लावला नाही. आतली राख कुणी काढायची, मशीनमध्ये पॅड कुणी भरायचे, त्याचे पैसे कुठून यायचे, यातलं काहीच आपण ठरवलं नव्हतं. विक्रेत्याचा नंबर मशीनवर चिकटवलेला आहे. मी तिथूनच लावून पाहिला. अस्तित्वात नाही.

मग मुली काय करतात? मावशींनी झारा खाली ठेवला, कमरेची किल्ली काढली आणि धान्याच्या खोलीतलं कपाट उघडलं. तांदळाच्या पोत्यामागे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. त्यात पॅड, जुन्या वर्तमानपत्राचे नीट कापलेले चौकोन, एक जादा निकर आणि पोट दुखलं तर ओवा. दुसरी किल्ली आठवीतल्या एका मुलीकडे असते. तालुक्याला कुणी निघालं की त्या जनऔषधी केंद्रातून ‘सुविधा’ची पाकिटं मागवतात. ऑगस्ट 2019 पासून तिथे पॅड एक रुपयाला मिळतो. पैसे कधी बाई देतात, कधी मावशी स्वतःच्या मानधनातून. ते मानधन किती आणि कधी मिळतं, हे शाळांत जाणाऱ्या तुम्हा सगळ्यांना माहीत आहे.

वापरलेले पॅड कागदात गुंडाळून झाकणाच्या बादलीत. घनकचऱ्याचे नियमही हेच सांगतात, गुंडाळा आणि वेगळं द्या. पण गावात ते वेगळं घेणारी गाडी येत नाही, म्हणून शाळेमागे खोल खड्डा. दर शनिवारी मावशी त्यावर माती ओढतात.

चार वर्षं हे काम चाललंय. मंडळाच्या पत्रिकेत त्याची एक ओळ नाही.

घरी येऊन रात्री जुने अंक काढले. सहा वर्षांचे 24 अंक, सगळे माझ्या हाताखालून गेलेले. त्या कार्यक्रमाच्या फोटोखाली मी लिहिलं होतं, ‘मुलींच्या चेहऱ्यावर हसू फुललं’. फोटोत आपण सात जणी, सरपंच, केंद्रप्रमुख आणि मशीन. मुलगी एकही नाही. गोंगाट नको म्हणून त्यांना वर्गात बसवलं होतं. मग हसू फुललं ते कुणाच्या चेहऱ्यावर?

अंक चाळताना आणखी एक लक्षात आलं. ज्या वस्तूचं वाटप एकदा छापलं, तिचं नाव पुढच्या कुठल्याच अंकात पुन्हा आलेलं नाही. शिलाई मशीन, पाण्याचे फिल्टर, हात धुण्याची टाकी, दप्तरं, सौरदिवे. आली, ‘हस्ते’ दिली, ‘उत्साहात संपन्न’ झाली. ‘खारीचा वाटा’ हा शब्द मी इतक्यांदा वापरलाय की खारीनेच हरकत घ्यावी. शिलाई मशीन एक असतं आणि त्याला हात लावणाऱ्या पाच जणी असतात. जिला ते मिळालं ती बाई बहुधा कडेला, अर्धी कापलेली. कापलेली म्हणजे मी कापलेली, चौकटीत बसत नव्हती म्हणून.

याचा अर्थ आपण खोटारड्या आहोत असा नाही. वर्गणी जमवायला दारोदार फिरणाऱ्या, उन्हात पाणपोई चालवणाऱ्या, स्वतःच्या गुडघ्यांची वाटी झिजवून रक्तदान शिबिराच्या खुर्च्या मांडणाऱ्या बायका तुम्ही आहात. दोष कामापेक्षा बातमीचा जास्त आहे. पण पुढचं काम बातमी बघून ठरतं. ज्याचा फोटो छान आला ते पुढच्या वर्षी पुन्हा होतं, आणि ज्याचा फोटोच येत नाही ते मागे पडतं.

2019 चा ऑगस्ट आठवा. सांगलीच्या आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी 45 फुटांची, आणि कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. आपल्यातल्याच किती जणींची घरं पाण्यात होती. राज्यभरातून कपड्यांचे ट्रक आले आणि आपण त्यापुढे उभं राहून फोटो काढले. मग चार दिवस ते ढीग निवडत बसलो. टिकल्यांचा घागरा, एका पायाचे मोजे, कुणाचं तरी बाशिंग. पूरग्रस्त बायका मागत होत्या परकर, ब्लाउज, आतले कपडे आणि पॅड. त्यातलं काही कुणी पाठवलं नव्हतं, कारण जुनं देता येत नाही आणि नवं द्यायचं सुचलं नव्हतं. पाणी ओसरलं तेव्हा खरी गरज होती ती खराट्यांची, फावड्यांची, फिनेलची. त्या चिखलाचा वास आठवला की अजून जेवण जात नाही. तिसऱ्या आठवड्यात आपल्याच सहा जणी रोज सकाळी पदर खोचून गावभागात घरं धूत होत्या. त्यांचा फोटो नाही. कोण काढणार, सगळ्यांचे हात भरलेले होते. माझ्या अंकात मथळा होता ‘मदतीचा ओघ’, आणि खाली ट्रक.

आता लसीकरणाचं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस आपण मागच्या नोव्हेंबरात दिली. पुण्याच्या सीरमची लस बाजारात आल्यापासून हा विषय आपल्या मनात होता आणि देणगीदारही पटकन मिळाले. सगळ्यात जास्त गरज कुणाला, तर ऊसतोडीच्या फडावरच्या मुलींना, हेही बरोबर ओळखलं. मजुरांच्या कोप्यांसमोर, म्हणजे झोपड्यांसमोर, मंडप टाकला, मजूर आणणाऱ्या मुकादमांनी कोयत्या कोयत्याच्या, म्हणजे तोडणीच्या एकेका जोडप्याच्या, पोरी गोळा केल्या, डॉक्टरांनी पहिला डोस दिला, आपण कार्डं दिली. कार्डावर दोन रकाने. 15 वर्षांखालच्या मुलींना दोन डोस, मध्ये सहा महिने.

नोव्हेंबरात सहा महिने मिळवा. मे. मे महिन्यात त्या मुली कुठे असतात? एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की सगळी कुटुंबं बीडकडे परत, कुणी पाटोद्याला, कुणी धारूरला, कुणी गेवराईला. आपण दुसऱ्या डोसचा मंडप घातला असता तर त्यात ऊन बसलं असतं. सांगलीत जन्म काढलेल्या, दर हंगामात त्या बैलगाड्यांमागे आणि ट्रॅक्टरमागे अडकून घड्याळ बघणाऱ्या आपण, आणि आपल्याला हंगाम कधी संपतो ते सुचू नये! मेमध्ये मी फोन केले तेव्हा कळलं की मुकादमांचे नंबरही आपण घेतलेले नाहीत.

यावर उपाय आहे, तो सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2022 मध्ये 9 ते 20 वयाच्या मुलींसाठी एका डोसचं वेळापत्रकही चालेल असं सांगितलं. तेव्हा पहिला डोस मिळालेल्या मुली अगदीच उघड्यावर पडल्या असं समजून घाबरू नका. त्यांना पुढे काय द्यायचं ते डॉक्टरांना ठरवू दे, पण त्यांच्यापर्यंत पोचायचं काम आपलं. कारखान्याच्या गट ऑफिसातून मुकादमांची यादी मागायची, कार्डांच्या आपल्याकडच्या प्रतींवर मूळ गाव आणि तालुका लिहून घ्यायचा, आणि हंगाम सुरू झाला की पहिल्या पंधरवड्यात त्या मुली कुठल्या फडावर आल्यात ते शोधायचं. दोन सभासद हव्यात, स्कूटर चालवणाऱ्या आणि उसाच्या फडातून चालायची लाज नसणाऱ्या.

हळदीकुंकवाबद्दल एवढंच. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, त्याच वर्षी आपणही ‘सगळ्या महिलांसाठी’ असं निमंत्रणावर छापायला लागलो. यंदा मी मुद्दाम मागे उभी राहिले. सगळ्या जणी आल्या होत्या, सगळ्यांना वाण मिळालं. पण करंडा घेऊन फिरणारीचा हात तीन जणींपाशी आला की क्षणभर थबकायचा आणि पुढे जायचा. चौथ्या बाईंनी, वय ऐंशीच्या पुढे, स्वतःच कपाळ पुढे केलं. “लाव गं, किती वाट बघू?” म्हणाल्या. यंदाच्या हळदीकुंकवाची बातमी खरं तर ती होती. मुखपृष्ठावर मी प्लास्टिकच्या डब्यांचं वाण मांडलेलं टेबल घेतलं होतं.

तर मग छापायचं काय? सांगते. आपल्या ऑफिसात जिन्याखालच्या खोलीत रुग्णसाहित्य केंद्र आहे. वॉकर, कमोड खुर्च्या, एअर बेड, चाकाच्या खुर्च्या, तीन लोखंडी कॉट. डिपॉझिट भरायचं, वस्तू न्यायची, गरज संपली की आणून द्यायची. या केंद्राचा फोटो पत्रिकेत आजवर एकदाच आला, उद्घाटनाचा. पण तिथे एक लांबट रजिस्टर आहे, सुतळीने टेबलाच्या पायाला बांधलेलं पेन आहे, आणि पाच-सहा वेगवेगळी अक्षरं. परवा दुपारभर मी ते वाचत बसले. शेवटचा रकाना ‘शेरा’. त्यातल्या काही नोंदी, नावं वगळून :

‘वॉकर परत. रबरी बूट झिजले होते, त्यांनी नवे बसवून आणले.’

‘एअर बेड परत. पंप बंद. दुरुस्तीस दिला.’

‘कमोड खुर्ची परत. काकू गेल्या.’

‘डिपॉझिट नको म्हणाले. दुसऱ्या कुणाचं भरा.’

‘कॉट मागितली. तिन्ही बाहेर. फोन करून ठेवणे.’ आणि त्याखाली, आठ दिवसांनी, दुसऱ्या अक्षरात : ‘फोन केला. आता लागणार नाही म्हणाले.’

ही शेवटची नोंद वाचून मी रजिस्टर मिटलं. त्या घरी आठ दिवस कॉट नव्हती. आपल्याला चौथी कॉट हवी हे त्या दोन ओळी सांगतात, आणि आपण यंदा देणगीतून स्टेजसाठी नवा फ्लेक्स-स्टँड घेतलाय.

पंडिता रमाबाईंनी 11 मार्च 1889 ला मुंबईत शारदासदन ही विधवांची आणि मुलींची शाळा उघडली तेव्हा विद्यार्थिनी होत्या दोन. त्यातल्या गोदूबाई विधवा होत्या. पुढे 1893 मध्ये त्यांचं धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं आणि हिंगण्याच्या विधवाश्रमाच्या कामात त्या बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या. दोन हा आकडा सांगायला कुणाला लाज वाटली नाही, म्हणून तो आजही आपल्याला माहीत आहे. आपल्या पत्रिकेत ही बातमी ‘असंख्य महिलांच्या उपस्थितीत’ अशी आली असती. रमाबाई रानड्यांनी 1909 मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केलं. तिथल्या मुली ससून रुग्णालयात परिचारिकेचं काम शिकू लागल्या तेव्हा ते घरंदाज बाईचं काम मानलं जात नव्हतं. रमाबाई स्वतः येरवड्याच्या तुरुंगात बायकांना भेटायला जात. तिथे फीत कापायला काय होतं? पुन्हा पुन्हा जायचं, एवढंच.

म्हणून पुढच्या अंकापासून पहिली चार पानं ‘पुढे काय झालं’ या सदराची. मी मावळती संपादिका आहे, मला हा हुकूम सोडता येत नाही, पण नव्या संपादिकेशी बोललेय आणि तिची तयारी आहे. ज्यांना वस्तू दिली त्यांच्याकडे सहा महिन्यांनी एक सभासद जाईल, एकटी, भेटवस्तू आणि बॅनर न घेता. चालतंय का, बंद पडलंय का, विकून टाकलंय का, ते लिहील. विकलं असेल तर का विकलं तेही. मुलाच्या फीसाठी शिलाई मशीन विकणाऱ्या बाईवर मला तरी रागावता येणार नाही. फसलेलं छापलं तर देणगीदार पळतील, अशी भीती दोघी-तिघींनी बोलून दाखवली. पळतील कदाचित एखाद-दुसरे. शाळेतली गोष्ट मी आपल्या एका जुन्या देणगीदारांना फोनवर सांगितली. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “त्या मावशींचा डबा भरायला महिन्याला किती लागतात?”

आता कामाच्या चार गोष्टी, घाईत. नव्या कार्यकारिणीचा बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात 90 दिवसांच्या आत द्यायचा असतो. सह्या राहिलेल्यांनी या आठवड्यात ऑफिसात या, कुणाच्या लग्नाची सबब चालणार नाही. करसवलतीची (80जी) पावती ज्यांना हवी त्यांनी पॅन नंबर द्या. देणग्यांचं 10बीडी विवरण 31 मे पर्यंत भरावं लागतं आणि त्यानंतरच तुमचं प्रमाणपत्र निघतं. 2000 रुपयांवरच्या रोख देणगीला करसवलत मिळत नाही, तेव्हा चेक किंवा यूपीआय. वार्षिक वर्गणी ही देणगी नव्हे, तिची 80जी पावती मागून खजिनदारबाईंचं डोकं खाऊ नका. आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर प्रत्येक फोटोखाली टाळ्यांची बारा चित्रं टाकायची सवय जरा कमी करा. मागच्या महिन्यात एका वॉकरची तातडीची मागणी त्या टाळ्यांखाली गाडली गेली आणि दुसऱ्या दिवशी सापडली.

शाळेचं ठरलं ते असं. मशीन आणि जाळायचं यंत्र आपण परत आणतोय. मुख्याध्यापिकाबाईंनी पत्र दिलंय, त्यांचा रुमाल त्यांना परत. मावशींना मी विचारलं, त्याजागी काय हवं? मला वाटलं त्या मोठं काहीतरी सांगतील. त्या म्हणाल्या, “मुलींच्या संडासाला आतून कडी लावा. आन् बादली पायानं झाकण उघडायची आणा.” कडी नाही हे चार वर्षांपूर्वी आपल्याला दिसलं नव्हतं, कारण आपण तिकडे गेलोच नव्हतो. सोबत कुलपाचं एक छोटं कपाट देऊ, आतल्या बाजूला, नळाच्या रांगेपासून दूर. डब्याचा खर्च वर्षभर मंडळाचा. 2018 च्या महिला दिनी राज्य सरकारची अस्मिता योजना सुरू झाली तेव्हा शाळेतल्या मुलींना आठ पॅडचं पाकीट पाच रुपयांना मिळायचं आणि ते बचत गटाच्या बाईच्या हातून यायचं. ओळखीच्या बाईकडे मागायला मुलीला कमी संकोच वाटतो, हे आपण यंत्राच्या नादात विसरलो होतो.

गुरुवारी सकाळी साडेनऊला ऑफिससमोर ‘छोटा हत्ती’ टेम्पो येईल. सुताराला कडी, बिजागरी आणि स्क्रू घेऊन यायला सांगितलंय. साडी नको, पंजाबी ड्रेस घाला, मशीन चांगलंच जड आहे. उद्घाटनाच्या फोटोत आपण सात जणी होतो. उचलायला चौघी पुरतील.

तुमची,
मावळती संपादिका